भरणीतले मोबाइल

फोन वाजला तेव्हा गणपती माझ्या मुलाच्या डोक्यावर होता आणि मुलाचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता.

दोन्ही हात वर, मूर्तीचा पाट घट्ट धरलेला. फोन शर्टाच्या खिशात. रिंगटोन आरतीची. मागच्या माणसांतल्या एकाने सवयीने टाळ्याही सुरू केल्या, मग बाकीच्यांची तोंडं बघून हात मागे घेतले. सून समोर ताट घेऊन उभी होती. तिने वाकून खिशातल्या उजेडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मुंबयचो दादा."

फोन तेवढा आरती म्हणत राहिला.

मुंबईचा दादा म्हणजे माझ्या चुलत दिराचा मुलगा. दीर मुंबईला इस्पितळात होते आणि श्रावणातच निरोप आला होता की आता काही खरं नाही. चुलत असले तरी भावकीतले. त्यांचं काही झालं तर आम्हाला दहा दिवसांचं सुतक, आणि सुतकात गणपती घरात घेता येत नाही. उंबऱ्यावर आलेला असला तरी नाही.

पण आमच्याकडे एक सोय आहे. सुतक लागतं ते ऐकल्यावर. माणूस कधी गेला याला तेवढं महत्त्व नाही, तुमच्या कानावर कधी आलं याला आहे. मुंबईत माणूस सकाळी गेला आणि इथे तुम्हाला गौरी गेल्यावर कळलं, तर तुमचा गणपती झाला तो झाला. देव त्याचा जाब विचारत नाही. भटजींना मी दोनदा विचारून घेतलंय.

ही सोय पूर्वी फार उत्तम चालायची. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात तार यायची ती पोस्टमनच्या हातून. पोस्टमन गावातलाच, त्याच्याही घरी गणपती. चतुर्थीच्या आधी तार आली की तो ती पिशवीच्या तळाला घालायचा आणि आमच्या अंगणातून सायकल जरा जोरात हाकायचा. सासूबाई ओट्यावरून विचारायच्या, "काय रे, काय आसा?"

तो म्हणायचा, "आसा म्हटल्यार आसा, नाय म्हटल्यार नाय. गौरी गेल्यार येतंय."

"ये हां. चाय घेवक ये," सासूबाई म्हणायच्या आणि आत जाऊन मोदकांचं पीठ मळायच्या. कोण गेलं असेल याचा अंदाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा, पण अंदाजाला सुतक नसतं.

वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने यायचं. त्यातलं निधनवार्तांचं पान सासूबाई न वाचता काढून घ्यायच्या आणि त्यावर खोबरं किसायच्या. एकदा पानावर आमच्याच आडनावाचा माणूस होता. त्यांनी त्याच्या फोटोवर भरपूर खोबरं किसलं.

पुढे नाक्यावरच्या दुकानात टेलिफोनची पिवळी पेटी आली. दुकानदारही शहाणा. मुंबईहून फोन आला की आधी तो स्वतः ऐकून घ्यायचा. बातमी बरी असली की पोऱ्याला पळवायचा. वाईट असली आणि चतुर्थी जवळ असली की मुंबईवाल्याला सांगायचा, "लाइन खराब आसा, मंगळवारी करा." मंगळवारी गौरी गेलेल्या असायच्या.

तर बातमी आणि आमचा कान यांच्या मध्ये कोणीतरी एक माणूस असायचाच. त्याला ठाऊक असायचं की कुठली गोष्ट आज सांगायची आणि कुठली उद्या.

मोबाइल आला आणि तो माणूस गेला. मोबाइलला चतुर्थी कळत नाही. माणूस मुंबईत गेला की त्याचं अंग गार व्हायच्या आत इथे खिशात टुणटुण होतं.

हे आम्हाला आदल्या वर्षी कळलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे अंगणात माटवी बांधत होते. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट; तिला नारळ, सुपारीचे घड, रानातली फळं बांधायची. मुलाच्या मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजीतला. त्याने तो मोठ्याने वाचला, आणि कोणाला कळलं नसेल म्हणून मराठीतही सांगितला. भावकीतली एक म्हातारी मुंबईत गेली होती.

मी म्हटलं, "मोठ्यान कित्याक वाचलंस?"

"वाचल्याशिवाय कळतला कसा?"

"तेच तर. कळूक नको होता."

पण ऐकलं ते ऐकलं. अंगणात भावकीतली सगळी होती, सगळ्यांना एकदम सुतक. आमचा पाट नागपंचमीलाच गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, देऊन झाला होता, मूर्ती रंगून त्यावर बसलेली. तिचं काय करायचं? शेवटी शेजारीण घेऊन गेली. ती वेगळ्या घराण्यातली, तिला सुतक नाही. तिने आपल्या गणपतीशेजारी आमचा बसवला.

माटवी उतरवायचंही कोणाला सुचलं नाही. खाली देव नाही आणि वर नारळ लोंबताहेत. फळं जागच्या जागी सडली. मी रडणारी बाई नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा लोकांनी माझ्याकडे बघून निराशाच केली. पण त्या रिकाम्या माटवीखालून जाताना मला कोणीतरी घरातून हाकलल्यासारखं वाटायचं.

वर शेजारणीचं तोंड. वर्षभर विहिरीवर भेटली की सुरू. "तुमचो गणपती आमच्याकडे बरो रवलो हां. आमच्यापेक्षा तुमचोच जास्त मोदक खाय."

"घरात मिळाक नाय तर खातलोच," मी म्हणायचे.

"ह्या वर्षीय धाडा. तेका आता वाट म्हायत झाली."

म्हणून या वर्षी मी ठरवलं की गणपती येणार तो आपल्याच घरात. दीर आजारी असल्याचं कळलं तेव्हा भावकीतल्या सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि लोणच्याची मोठी भरणी मध्ये ठेवली. रिकामी, उन्हात वाळवलेली. म्हटलं, सगळ्यांचे मोबाइल बंद करून यात घाला. गौरी गेल्यावर मिळतील.

तरुण मंडळींनी फार कुरकुर केली. एक पुतण्या म्हणाला, "काकी, ऑफिसातून फोन इलो तर?"

"ऑफिसाक सुतक आसता?"

"तसा नाय, पण जग खंय चल्लाहा..."

"जग चलू दे. तुझो मोबाइल हयसर बसात."

घातले सगळ्यांनी. मी वर फडकं बांधून भरणी माळ्यावर ठेवली. घरात तारेचा फोन होता, तो पावसात अधूनमधून मरतच असे. त्याचाही कान काढून बाजूला ठेवला. वर्तमानपत्र बंद. वरच्या गल्लीत एका पोराने कॉम्प्युटर आणला होता आणि मुंबईतली पोरं त्यावर भावकीच्या बातम्या टाकायची. त्या पोराच्या आईला सांगितलं की ते पडद्याने झाक.

मग आम्ही दिरांची काळजी करायला लागलो. एवढी काळजी त्यांची जन्मात कोणी केली नव्हती. गोदीत नोकरी केलेला, फटकळ तोंडाचा माणूस. सुट्टीत आला की कोणाच्या आमटीत काय कमी आहे ते सांगत फिरायचा. त्याच्यासाठी आता दोन बायकांनी सोमवार धरले. देवळात नारळ ठेवताना गुरवाने विचारलं, आयुष्य किती मागायचं? सून म्हणाली, "गौरी जायसर दिल्यार पुरे." मी तिला कोपर मारलं. म्हटलं, देवाकडे मागताना एवढं मोजून मागू नये, पुढचं पुढे बघता येतं.

आणि एवढं सगळं करून चतुर्थीच्या सकाळी माझ्या मुलाच्या खिशात आरती वाजत होती.

झालं होतं ते असं. शाळेत मूर्तीचा फोटो काढायचा म्हणून त्याने मला न विचारता भरणीतून आपला मोबाइल काढला. फोटो काढला आणि बंद करायला विसरला. वाटेत काही झालं नाही, कारण वाटेत रेंज नव्हती. आमच्याकडे रेंज म्हणून जी काही होती ती तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत. घरात नाही, विहिरीवर नाही. गणपती बरोबर त्या चार हातांच्या पट्ट्यात आला आणि मुंबईच्या दादाने गाठला.

कुंपणापलीकडे शेजारीण उभी. हात पुसून तयार.

मुलगा डोकं न हलवता म्हणाला, "आये, काय करू?"

"काय करतलंस? तुका हात खंय आसत?"

सुनेने ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. बाकीचे एक पाऊल मागे सरले, जसा काही खिशात विंचू आहे. जो उचलेल तो ऐकेल आणि जो ऐकेल त्याच्या तोंडावरून सगळ्यांना कळेल. फोन वाजायचाही थांबेना. दादा चिवट, बापावर गेलेला.

मी पुढे झाले आणि मुलाच्या खिशात हात घातला. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. पण हिरवं म्हणजे घ्यायचं आणि लाल म्हणजे ठेवायचं एवढं ठाऊक होतं. हिरवं दाबलं, कानाला लावला, आणि पलीकडून शब्द यायच्या आत शुद्ध मराठीत सांगितलं, "राँग नंबर आहे."

लाल दाबलं. पुन्हा वाजायच्या आत पाठीमागचं झाकण उघडून बॅटरी काढली आणि कनवटीला लावली.

"कोण होता?" मुलाने विचारलं.

"राँग नंबर."

"आये, नाव दिसला होता..."

"नावाक काय होता? तू आत ये. देव भिजता."

पाऊस तसा नव्हता, पण तो आत आला. सुनेने त्याच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं. गणपती माटवीखाली बसला. कुंपणापलीकडे शेजारणीने हात पुन्हा पदराला पुसले आणि आत गेली.

मी चुलीपाशी बसले आणि मोदकांची उकड काढली. हात चालले होते, डोकंही चाललं होतं. मी ऐकलं काही नव्हतं. एक श्वाससुद्धा नाही. मग मला सुतक नाही. पण मुंबईचा दादा चतुर्थीच्या सकाळी बाप बरा आहे हे सांगायला एवढा वेळ फोन धरून बसेल का? सुतक असताना मी देवाचा नैवेद्य रांधत असेन तर?

थोडा वेळ मनाला लागलं. मग मी वळून देवाकडे बघितलं. सुपाएवढे कान. मुलाच्या डोक्यावर बसून तो फोन त्याने माझ्याआधी ऐकला होता. त्याला बाहेर राहायचं असतं तर तो राहिला असता. मी उकड झाकून ठेवली आणि खोबरं परतायला घेतलं.

सून शेजारी येऊन बसली. "आये, खरा काय ता सांग."

"खरा काय ता माकाच ठावक नाय. त्यासाठीच तर सगळा केलंय."

दुपारी भटजी पूजा सांगून गेले. भावकी जमली, आरती सुरू झाली. झांजा, टाळ्या, घर दणाणलेलं. शेजारीणही आली होती, आमचा गणपती नीट बसवलाय की नाही ते बघायला. तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली. लक्ष कोणाचं नव्हतं. पण दारातली माणसं एकेक करून गप्प होत गेली आणि ती शांतता माझ्यापर्यंत आली.

दारात माझे दीर उभे होते. डोक्यावर मुंडासं, अंगात स्वेटर, निम्मे झालेले. हातात काठी. मागे पिशव्या घेऊन मुंबईचा दादा.

शेजारणीने "गे बाये" म्हणून माझा दंड धरला. माझ्या मुलाच्या हातातली झांज पडली आणि लोळत लोळत थेट दिरांच्या पायाशी गेली.

दिरांनी ती काठीने थांबवली. मग सगळ्यांवरून नजर फिरवत माझ्यावर आणली.

"वयनी," ते म्हणाले, "राँग नंबर खंय लागलो होतो?"

मी टाळ्या थांबवल्या नाहीत. म्हटलं, "आधी आरती पुरी होव दे, भावजी. चपला काढून आत येवा."

आरती पुरी झाली. सगळे इतके मन लावून म्हणत होते की भटजी असते तर खूश झाले असते.

मग त्यांना पाटावर बसवलं, गरम पाणी दिलं, आणि त्यांनी सगळं बाहेर काढलं. इस्पितळात त्यांना उतार पडला होता. पंधरवड्यापूर्वीच. घरी सोडलं, पथ्य लिहून दिलं. त्यांनी मुलाला सांगितलं, या वर्षी गणपती गावाला. गाडीची तिकिटं काढली. गावाला कळवायला म्हणून फोन लावायला बसले, तर एकही फोन लागेना.

"माझ्या झिलान सगळ्या भावकीक फोन लायले. सगळे बंद. माका वाटला, गाव बुडालो."

"गाव आसा थंयच," मी म्हटलं.

"कुडाळ स्टेशनार उतरलंय. भायर आपला कोण दिसना. रिक्षा मिळना, सगळे चाकरमानी तुटान पडलले. झिल म्हणता, एक फोन लागता. लायलो. आणि माझी वयनी माका सांगता, राँग नंबर. आवाज वळखूक नाय मी? साठ वर्सां ऐकतंय."

"तुमी बोलाक व्हया होता."

"बोलाक दिलंस तू?"

मी त्यांना आणखी एक मोदक वाढला. त्यांनी तो खाल्ला आणि सारणात गूळ कमी असल्याचं सांगितलं. मग मात्र मला खात्री पटली की माणूस खरंच बरा झालाय.

एवढ्यात त्यांना कोणीतरी भरणीचं सांगितलं. ते ओठ दाबून ऐकत राहिले आणि शेवटी असे हसले की दादा घाबरून पाठ चोळायला धावला. "म्हणजे माका मारूक नको म्हणान तुमी मोबाइल पुरलास. हाड ती भरणी. बघूया मी कसो बरो झालंय तो."

भरणी खाली आली. मी कनवटीची बॅटरी सुनेला दिली. तिने एकेक मोबाइल चालू केला आणि तुळशीकडे तोंड करून उंबऱ्यावर बसली, रेंजमध्ये. पंधरवड्याचे मेसेज एकदम यायला लागले. टुणटुण, टुणटुण. ती वाचत होती आणि दीर पाटावर बसून आपल्या दुखण्याची गोष्ट ऐकत होते. बाबांना आज बरं आहे. बाबांनी आज भात खाल्ला. बाबा नर्सशी भांडले. उद्या घरी सोडणार. तिकीट मिळालं, कुडाळला कोणीतरी या.

मरणाची बातमी येऊ नये म्हणून आम्ही भरणीचं तोंड बांधलं होतं, आणि आत हे सगळं कोंडलं गेलं होतं. सगळे हसत होते.

मग सून एका मोबाइलवर थांबली. तिने मनातल्या मनात वाचलं. तिचे ओठ एकदा हलले आणि मिटले. मान वर करून तिने कोणाकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं पोस्टमनचा चेहरा बघितलेली बाई.

मी म्हटलं, "बॅटरी संपली काय गो?"

"संपली," ती म्हणाली.

"मगे ठेव सगळे परत भरणीत. पुरे झाले टुणटुण."

ठेवले तिने, वर दादाचाही मागून घेतला. फडकंही तिनेच बांधलं. त्या संध्याकाळपासून तिच्या पोटात दुखायला लागलं. देवघरात येईना, चुलीला हात लावीना, मागच्या पडवीत वेगळी बसून राहिली. मुलगा डॉक्टरांकडे न्यायला निघाला. मी म्हटलं, रवता आपसूक, गौरी जाव दे. तिला मी काही विचारलं नाही आणि तिने मला काही सांगितलं नाही. नैवेद्य रोज मी रांधला. दिरांनी रोज गूळ कमी असल्याचं सांगितलं.

गौरी-गणपती गेल्यावर ती विहिरीवर आली आणि तिने सांगितलं. बडोद्याला आमचे दुसरे एक चुलत दीर होते. धडधाकट, पहाटे उठून चालायला जाणारे. त्यांच्यासाठी कोणी सोमवार धरला नव्हता की नारळ ठेवला नव्हता. चतुर्थीच्या सकाळी, भरणी माळ्यावर आणि दादा रिक्षात असताना, ते गेले होते. आम्ही सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि राहिलेले दिवस पाळले.

आता मोबाइल भरणीत घालत नाही. चतुर्थी जवळ आली की सगळे सुनेच्या हवाली करतात. तीच बघते, तीच वाचते, आणि सांगायचं ते सांगते. मुंबईचा दादा चतुर्थीच्या सकाळी कॉम्प्युटरवरून दिरांचा फोटो पाठवतो. त्या दिवशीचं वर्तमानपत्र छातीशी धरलेले, तोंड वाकडं केलेले. वरच्या गल्लीतला पोरगा तो कागदावर काढून आणून देतो आणि मगच आमचा गणपती शाळेतून निघतो.

बडोद्याचे गेले. ज्यांची आम्ही वाट बघत होतो ते दीर अजून आहेत.